हातभर नाहीतर चार कोस

संपादकांनी मला यशोगाथा लिहायला सांगितली. मी फोनवरच म्हणालो, "यश जमणार नाही, भांडण लिहितो. चालत असेल तर बोला, नाहीतर दुसरा माणूस बघा." ते हसले. त्यांना वाटलं, मी मानधन वाढवून मागतोय. तेही मागितलंच, पण ती गोष्ट वेगळी.

भांडण अय्युबशी आहे. खुलताबादला त्याचं पंक्चर काढायचं दुकान आहे. त्यानं एका कृषी प्रदर्शनात, भर गर्दीत, माझ्या गिऱ्हाइकांसमोर मला एक प्रश्न विचारला. त्याचं धड उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आज ते देतो. पण त्याआधी माझा धंदा काय होता ते सांगावं लागेल, कारण तो ऐकून निम्मी माणसं हसतात आणि उरलेली मध मागतात.

मी माश्या पाळत होतो. मोहोळाच्या, चावणाऱ्या, अंगावर धावून येणाऱ्या नव्हे. ही माशी तांदळाच्या दाण्याहून बारकी, काळी, आणि हिला नांगीच नसते. पुस्तकात बिनडंखाची मधमाशी म्हणतात. आमच्याकडं तिला धड नाव नाही. कुणी डिंकाची माशी म्हणतं, कुणी नुसतंच बारकी माशी. मी बारकीच म्हणतो. जुन्या दगडी भिंतीत, झाडाच्या ढोलीत, दाराच्या चौकटीच्या मागं ती राहते. बाहेरून दिसते ती फक्त डिंक-मेणाची नळी, करंगळीएवढी. नळीच्या तोंडाशी पाच-सात पहारेकरी डोकी बाहेर काढून बसलेले. संध्याकाळ झाली की नळीचं तोंड मेणानं लिंपून घेतात, सकाळी पुन्हा उघडतात. किराणा दुकानदारासारखं.

आत पोळं नसतं. बुडकुल्या असतात, मेणाच्या, बोराएवढ्या. काहींत मध, काहींत फुलांचा पराग. मधोमध अंड्यांचा घोस आणि त्यावर फिरणारी राणी. राणीचं पोट एवढं सुटलेलं असतं की तिला उडता येत नाही. ती आपली पायी चालते, जड जड. वर्षाला एका पेटीतून मध मिळतो एखादा पेलाभर. तोही पातळ आणि आंबटसर. सिडकोतल्या एका निवृत्त साहेबांनी माझ्याकडून बाटली नेली आणि तिसऱ्या दिवशी परत आणली. म्हणाले, "मिस्त्री, यात चिंचेचं पाणी आहे." मी म्हणालो, "साहेब, चिंच महाग झालीय, परवडत नाही." बाटली ठेवून घेतली, पैसे परत दिले, आणि पुन्हा ते आले तेव्हा दीडपट भाव सांगितला. निमूट दिले त्यांनी.

तेव्हा मधावर पोट भरणं शक्य नव्हतं. माझा धंदा होता पेट्या भाड्यानं द्यायचा. कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट, शेडनेटमधली भाजी, डाळिंबाच्या बागा. फुलांवर माशी फिरली तर दाणा भरतो, फळ धरतं. शेडनेटमध्ये चावणारी माशी सोडली तर निंदायला आलेल्या बाया पळून जातात. बारकीचं तसं नाही. फुलोरा सुरू झाला की पेट्या नेऊन मांडायच्या, संपला की उचलायच्या. ऐकायला सोपं. पण करमाडकडच्या एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, "मिस्त्री, चावत नाय म्हंता, मग भाडं पूर्ण कसं? अर्धी माशी, अर्धं भाडं." त्याच्याशी मी दोन तास वाद घातला आणि शेवटी पावपट जास्त ठरवून उठलो. भाव करताना मी हरत नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही, गुण म्हणून सांगतो. बाप मेला तेव्हा माझ्याकडं एक रंधा आणि दोन पटाश्या होत्या. बाकी सगळं बोलून मिळवलंय.

मी मूळचा सुतार. शेंद्र्याला कारखाने आले तेव्हा मशीनचे भाग भरून पाठवायची लाकडी खोकी ठोकत होतो. चांगलं चाललं होतं. मग खोकी प्लास्टिकची आली आणि एका सोमवारी आम्हा नऊ जणांना फाटकावरूनच परत पाठवलं. तेव्हा मला खालाची भिंत आठवली.

खाला म्हणजे अय्युबची आई. बिल्किस खाला म्हणायचे सगळे. खुलताबादला उतारावर दोन खोल्यांचं दगडी घर, मागं स्वयंपाकघर. आधी कधीतरी, खोकी ठोकायच्या काळातच, रविवारची वरकमाई म्हणून मी तिच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बदलायला गेलो होतो. जुनी वाळवीनं खाल्ली होती. मी पहार लावली तशी ती आतून ओरडली, "अरे ठैर! उनकू पूछा क्या?"

मी म्हणालो, "कुणाला?"

तिनं बोट दाखवलं. चौकटीला लागूनच भिंतीत एक भोक, त्यातून नळी बाहेर आलेली, आणि बारक्या माश्यांची येजा चाललेली. खाला म्हणाली, "चौखट बदल, घर बदल, कुछ भी कर. इनका दरवाजा हिलना नक्को."

"खाला, त्या भोकापायी चौकट तिरपी बसंल."

"बैठने दे. तू कौन सा सीधा है?"

मग मी नव्या चौकटीला अर्धचंद्र खाच पाडली, भोक मोकळं ठेवून. त्या खाचेचे मी जास्तीचे पैसे मागितले. तिनं दिले नाहीत; वर बशीत दोन बुडकुल्या मध दिला आणि म्हणाली, हा विकायचा नसतो, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला द्यायचा असतो. माझी बायको कांता तेव्हा बाळंतपणाला टेकली होती. खालाला ते मी सांगितलेलं नव्हतं. कसं कळलं कुणास ठाऊक. बहुतेक मी पैशासाठी एवढा का भांडतोय, त्यावरनंच.

तर खोक्यांचं काम गेल्यावर मी खालाकडं गेलो आणि म्हणालो, तुमच्या माश्या विकत द्या. पोरं उन्हाळी टरबुजाचा भाव करतात तसा मी सुरुवातीला कमी सांगितला, मग वाढवला. ती कांदा चिरत होती. चिरतच राहिली. मी आणखी वाढवला. ती म्हणाली, "बिकते नहीं रे."

"का नाय? वस्तू म्हटलं की भाव असतोय."

"बिकते नहीं, जाते. जाना हुआ तो जाएंगे."

आणि ते खरं निघालं. भिंत न फोडता वसाहत काढायची एक पद्धत आहे. भिंतीतल्या भोकाला एक नळी जोडायची, नळी पेटीत सोडायची, पेटीला पुढं दुसरं भोक. मग माशीला बाहेर जायचं तर पेटीतून जावं लागतं, घरी यायचं तर पेटीतून यावं लागतं. रोज त्याच ओसरीवरून येजा करता करता काहींना ओसरीच आवडते. तिथं त्या मेण लावतात, बुडकुल्या बांधतात, आणि नशीब असेल तर काही महिन्यांनी तिथं नवी राणी अंडी घालते. मग नळी काढून घ्यायची. भिंतीतली जुनी राणी भिंतीत सुखरूप, पेटीतली नवी पेटीत. कुणाचं काही गेलं नाही. कुठल्या तरी पिकांच्या मासिकात चार ओळी वाचून मी पेटी ठोकली, तीन वेळा चुकलो, चौथीला जमलं. सात महिने लागले. सात महिने दर रविवारी मी खालाच्या मागच्या दारी जाऊन उकिडवा बसत होतो आणि ती मला दर रविवारी नवीन काहीतरी बोलत होती.

पेटी न्यायच्या दिवशी मी पुन्हा विचारलं, "खाला, काय देऊ?"

"जबान दे. ये भिंत पड़ी तो तू खड़ा रहना इनके लिए."

मी शब्द दिला. भाव ठरवताना समोरचा वस्तूऐवजी शब्द मागत असेल तर सावध व्हावं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्या एका पेटीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. अंड्यांचा घोस अर्धा करून दुसऱ्या पेटीत ठेवायचा, एकीकडं राणी, दुसरीकडं जिच्यातून नवी राणी निघायची ती मेणाची मोठी कोठी. पुढं साठच्या वर पेट्या झाल्या. सगळ्या त्या भिंतीच्याच लेकी.

आता माझी चूक सांगतो. आमच्या धंद्यात नियम आहे: पेटी हलवायची तर हातभर हलवा, नाहीतर चार कोस. मधलं अंतर चालत नाही. चार कोस जरा जास्तच आहे, बारकी अर्ध्या कोसापलीकडं जात नाही. पण नियम करताना हात सैल ठेवावा. कारण असं की माशी आपलं घर ओळखत नाही, जागा ओळखते. जमिनीपासून एवढं उंच, त्या दगडापासून एवढं डावीकडं. पेटी हातभर सरकवली तर जरा चाचपून सापडते. दूरच्या गावी नेली तर ती सगळं नव्यानं शिकते. पण शंभर पावलांवर नेली तर ती चरून परत जुन्या जागीच येते, आणि तिथं काही नसतं.

हा नियम मी दहा जणांना शिकवला होता. आणि तरी एकदा एका बागायतदाराच्या कांद्याच्या प्लॉटवर माझी सटकली. त्यांना सगळे नाना म्हणत. फुलोरा अर्ध्यावर आलेला, दहा पेट्या मांडलेल्या, आणि नाना बांधावर बसून म्हणतात, "मिस्त्री, साध्या माश्या बी फिरायल्यात की फुलावर. त्यांचं काय भाडं मागत नाय कुणी. जरा कमी करा."

ठरलेला सौदा मोडणारा माणूस माझ्या डोक्यात जातो. मी म्हणालो, "साध्या माश्यांवरच पिकवा मग." आणि भर दुपारी, बारा-साडेबाराला, माश्या सगळ्या चरायला गेलेल्या असताना, दहाच्या दहा पेट्या एकेक उचलून बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या प्लॉटात नेऊन ठेवल्या. शेजारी खूश. मीही खूश. तासाभरानं नानांनी हाक मारली, "मिस्त्री, इकडं या जरा, गंमत बघा."

जिथं जिथं पेटी होती तिथं तिथं हवेत मूठभर काळा धूर अधांतरी लटकलेला. माश्या परत आल्या होत्या. पायांना परागाचे गोळे, पोटात मध, आणि दार नाही. मी पेट्या धावत परत आणल्या, पण घाईत कुठली कुठं होती ते विसरलो, उंची चुकली, तोंडं फिरली. पहारेकऱ्यांनी परक्यांना आत घेतलं नाही, चावाचावी झाली. संध्याकाळपर्यंत दगडांवर, ढेकळांवर माश्यांचे पुंजके बसले आणि मुंग्या लागल्या. दहातल्या सहा पेट्या महिन्याभरात मेल्या. नाना म्हणाले, "तुम्ही गेलात निघून, त्या माझ्याकडंच राहिल्या. त्यांनी भाव नाय केला."

हे मी कुणाला सांगितलं नाही. खालाला सांगितलं. का ते माहीत नाही. तिच्या मागच्या दारी बसलं की तोंडातून निघून जायचं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "मतलब उनकू घर याद नहीं रैता? जगा याद रैती?"

"व्हय खाला. घर नाय, जागा."

"हौ," ती म्हणाली. "बुड्ढों का बी ऐसाच है."

आता अय्युबचा प्रश्न.

शहरात कृषी प्रदर्शन होतं. मला पहिल्यांदाच टपरीएवढी का होईना, जागा मिळाली होती. मी एक प्लायवूडचा बोर्ड रंगवून घेतला: 'शून्यातून उभारलेला माशीपालन उद्योग', खाली माझं नाव, फोन. अक्षरं लाल, कडेला पिवळी. खूप लोक आले. एका बी-बियाणेवाल्या कंपनीचा माणूस चाळीस पेट्यांची बोलणी करत होता. आणि गर्दीतून अय्युब पुढं आला. त्यानं बोर्ड वाचला, सावकाश, एकेक शब्द. मग म्हणाला, "शून्य? मिस्त्री, हमारी भिंत कहाँ गई?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कंपनीचा माणूसही. खरं तर हसून म्हणता आलं असतं, ये अय्युब, बस, ही माणसं तुझ्या आईच्या माश्या बघायला आलीत. एवढंच. त्यात माझं काही जात नव्हतं. पण मला वाटलं, हा वाटा मागायला आलाय. मी म्हणालो, "भिंतीला भोक कुणाच्या बी असतंय. पेटी कोणी ठोकली?"

"पेटी तुमारी. माशी?"

"माशी आभाळाची. तुझ्या आयनं काय अंडी घातली का?"

हे बोलायला नको होतं. मी लिहून देतो. पंक्चरवाल्याचे हात काळे असतात. ते अय्युबनं पँटला पुसले आणि तो गेला. कंपनीचा माणूसही नंतर फोन करतो म्हणून गेला, तो अजून करतोय.

पण माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी आजही सोडलेलं नाही: विचारायचं होतं तर घरी विचारायचं. चारचौघांत का? मी पाच रुपयांसाठी भांडणारा माणूस, मला चोर म्हणवून घ्यायची सवय नाही. मी खुलताबादला जाणं बंद केलं. सीताफळांचे दोन हंगाम गेले. वेरूळ-कन्नडकडं पेट्या न्यायला आठवड्यातून एकदा त्याच रस्त्यानं जायचो. वळण आलं की गाडीचा वेग वाढवायचो. कांता म्हणायची, "खालावर कशाचा राग?" मी म्हणायचो, "राग नाय. येळ नाय."

तिसऱ्या हंगामात कन्नडहून येत होतो. छोट्या टेम्पोत रिकाम्या पेट्या, आणि पेट्या हलू नयेत म्हणून मधे आडवा तोच बोर्ड दामटलेला. प्रदर्शनानंतर त्याचा दुसरा उपयोग राहिला नव्हता. रस्त्याकडेला सीताफळं घ्यायला थांबलो. विकणारी बाई ओळखीची. मी डोळे पडलेल्या, पिकत आलेल्या फळांचा भाव पाडत होतो, तर ती म्हणाली, "घ्या की भाऊ आता. खालाचं घर पाडायलेत अन् तुमी हितं डझनाला अडलाव."

"कुणाचं?"

"बिल्किस खालाचं. सकाळपासून."

फळं तिथंच राहिली. टेम्पो चढावर घालताना मी अय्युबला मोठ्यानं शिव्या देत होतो. भिंत पाडतोय आणि मला एक फोन नाही. शब्द मी दिला होता, तो मोडायचा तर मी मोडेन; हा कोण? काय काय बोलायचं ते सगळं मनाशी जुळवत गेलो. तीन मुद्दे होते. चांगले होते.

घराच्या मागच्या बाजूला गेलो. स्वयंपाकघर नव्हतं. चौकट तेवढी उभी होती, माझी, अर्धचंद्र खाचेची. भिंतीचे दगड एकीकडं रचलेले, गवंडी बिडी ओढत बसलेला. आणि चौकटीला लागून, जिथं भिंत होती तिथं, अय्युब उभा होता. दोन्ही हातांत खांद्याएवढ्या उंचीवर अॅल्युमिनियमचं पातेलं धरून. पातेल्यावर ओढणी, एका बाजूनं दुमडलेली. त्याच्या डोक्याभोवती काळा धूर. केसांत माश्या, कानांत माश्या, भुवईवर डिंक.

समोर मोडक्या खुर्चीवर खाला. काठीनं खुणावत होती. "और उप्पर. अब बायें. बस. हिलू नक्को."

मला बघून ती म्हणाली, "आ गया. इसकू बोल, हात नीचे करना नहीं."

मी अय्युबकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. तीन मुद्दे तयार होते. पण भांडायला माणसाचे हात तरी मोकळे पाहिजेत. मी एवढंच म्हणालो, "किती येळ झाला?"

"नौ बजे से," अय्युब म्हणाला. ओठांवर माशी बसू नये म्हणून तोंड अगदी थोडं उघडून. आता साडेअकरा होत आले होते.

"मला फोन का नाय केला?"

"नंबर है मेरे पास. बोर्ड पे पढ़ा था." टोमणा मारायला त्याला हात लागत नव्हते. "अम्मी मना करी."

मी खालाकडं वळलो. ती म्हणाली, "बुलायेला आदमी भाव करता. बिगर बुलाये आया तो अपना."

"आन् नसतो आलो तर?"

"तो अय्युब शाम तक खड़ा रैता. तूच बोल्या था ना, जगा याद रैती."

नानांच्या बांधावरची माझी चूक. जी मी बायकोलाही सांगितली नव्हती. पहार लागून घरटं उघडं पडल्याबरोबर खालानं गवंड्याला थांबवलं, घरटं उचलून पातेल्यात घेतलं आणि चौकटीच्या खाचेवरून उंची मापून मुलाला तिथं उभं केलं. चरायला गेलेल्या माश्या परत येत होत्या, आणि भिंत नसली तरी दार जागेवर होतं.

पण पद्धत कळली म्हणजे काम झालं असं नाही. ओढणी बाजूला केली तर आत चिखल झालेला. बुडकुल्या फुटलेल्या, मध सगळीकडं, त्यात माश्या बुडालेल्या. अंड्यांचा घोस मात्र निम्मा शाबूत. मी टेम्पोतून रिकामी पेटी आणली, घोस हळूच उचलून तिच्यात ठेवला. फुटलेला मध पेटीत घ्यायचा नाही, मुंग्यांना निमंत्रण होतं. मग राणी शोधायला लागलो. राणी नसेल तर हे सगळं चार दिवसांचं सोंग. आणि ही साधी राणी नव्हती. माझ्या साठ पेट्या जिच्या, ती.

पातेलं धुंडाळलं. नाही. दगडांच्या ढिगाकडं गेलो, पहारीची ताजी खूण असलेला दगड उलटवला, फटीत काडी घातली. नाही. चष्म्याला डिंक लागला, तो पुसून पुन्हा बघितलं. गवंड्याला विचारलं, त्यानं खांदे उडवले. शब्द दिला होता की उभा राहीन. उभा होतो, आणि काही उपयोग नव्हता. खाला काठी टेकून ढिगाकडं बघत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात अय्युब म्हणाला, "मिस्त्री."

"काय?"

"मेरी बाही में कुछ चल रा. कोपर के पास. बाकी जैसा नहीं. भारी है."

"हलू नको," मी आणि खाला एकदमच म्हणालो.

मी त्याच्या शर्टाची बाही बोटबोट दुमडत वर नेली. टायरच्या काळ्या रंगावर, कोपराच्या जरा खाली, ती होती. तपकिरी, पोट सुटलेली, पाय ओढत सावकाश चाललेली. अडीच तासांत या माणसानं एकदा जरी हात खाली केला असता तर ती चिरडली असती. मी खिशातलं पोस्टकार्डाएवढं काहीतरी काढलं, माझंच जाहिरातीचं कार्ड होतं, ते तिच्यापुढं धरलं. ती कार्डावर चढली. तिथून पेटीत.

मग दगडांवर दगड रचून चौथरा केला, चौकटीच्या खाचेशी पुन्हा उंची मापली, आणि पेटी अशी ठेवली की तिचं भोक बरोबर जुन्या भोकाच्या जागी येईल. अय्युबनं हात खाली केले. ते वाकत नव्हते. दोन्ही खांदे मी चोळून दिले. त्या वेळी आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

ऊन पेटीवर येत होतं. सावलीला काही हवं होतं आणि टेम्पोत एकच फळी होती. मी बोर्ड काढला, पेटीवर आडवा टाकला, अक्षरं खाली करून. अय्युबनं बघितलं. वाचायला त्याला खाली वाकावं लागलं असतं. तो वाकला नाही. त्याला त्यातलं पाठ होतं.

संध्याकाळी धूर विरळ होत होत पेटीत गेला. शेवटच्या चार-पाच माश्या आत शिरल्या आणि पहारेकऱ्यांनी भोक लिंपायला घेतलं. फळं टाकून आल्याचं मी बोलता बोलता सांगून बसलो होतो. खाला म्हणाली, "जबान पूरी हुई. अब चाय पी, और वो सीताफल वाली का सौदा पूरा कर. राह देख रही होगी."

नवं घर झालं. गवंड्यानं पेटीभोवती भिंत बांधली, मी भिंतीतून बाहेर नळी काढून दिली, त्याच उंचीवर. स्वयंपाकघराचं दार मात्र अय्युबनं पलीकडच्या बाजूला घेतलं, रस्त्याकडं. खाला त्या घरात दोन हिवाळे राहिली. ती गेली तेव्हा मी गंगापूरकडं पेट्या उचलत होतो. मला कळवलं ते अय्युबनंच. फोन केला, एवढंच म्हणाला, "मिस्त्री, अम्मी," आणि ठेवला.

आता गुडघे गेलेत. पेट्या मी दोन वर्षांपूर्वी देऊन टाकल्या, भाव करून. गॅलरीत एक ठेवलीय, तिचा मध काढत नाही. बोर्ड अय्युबच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे. रंग उडालाय, 'शून्यातून' एवढंच दिसतं, आणि तेवढंच त्यानं मुद्दाम वर ठेवलंय हे मला माहीत आहे.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर वर दिलंय. त्यानं हा अंक विकत घेऊन वाचावा, फुकट मिळणार नाही.

महिन्यातून एकदा मी खुलताबादला जातो. गाडी सवयीनं घराच्या मागं लावतो आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहतो. तिथं आता दार नाही. कोरी भिंत, आणि खांद्याएवढ्या उंचीवर नळी. माश्या डोक्यावरून आत-बाहेर करत असतात.

आतून अय्युब ओरडतो, "मिस्त्री, दरवाजा उधर है! कितने बार बोलू?"

"माहीत हाय," मी म्हणतो.

तो चहा घेऊन घराला वळसा घालून येतो, मागं, आणि सोबत ती मोडकी खुर्ची. भांडण अजून मिटलेलं नाही.